अंत्यकालविचार, ख्रिस्ती

मानवी इतिहासाचा शेवट, येशू ख्रिस्ताचे पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान, अंतिम न्याय आणि ईश्वरी राज्याची परिपूर्ती यांविषयी बायबलमध्ये आलेल्या वचनांचा ख्रिस्ती धर्मीयांनी केलेला अभ्यास व त्यातून सिद्ध झालेला विचार. ख्रिस्ती धर्मशास्त्राची ही एक स्वतंत्र शाखा असून ‘अखेरच्या गोष्टी’ या अर्थाच्या ‘एस्काटा’ या ग्रीक शब्दावरून तिला एस्कॅटॉलॉजी हे नाव पडले. मृत्यू, न्याय, स्वर्ग व नरक या बाबी व्यक्तीच्या अंताशी, तर पुनरागमन, पुनरुत्थान व नवी सृष्टी या बाबी समस्त जगाच्या अंताशी निगडित आहेत. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या प्रकारच्या बाबींचा व त्यांच्या अभ्यासपद्धतीचा मुख्यतः विचार केला आहे. ख्रिस्त जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यास पुन्हा येईल, ही श्रद्धा नायसिया (३२५) व कॉन्स्टँटिनोपल (३८१) येथील धर्मपरिषदांशी निगडित असलेल्या मतांगीकारात आली असून रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व प्रॉटेस्टंट हे तिन्ही प्रमुख पंथ ती मानतात. मतभेद आहेत ते ही घटना केव्हा व कोणत्या क्रमाने घडेल आणि तिच्याविषयीची वर्णने अक्षरशः घ्यावयाची की प्रतीकरूपाने, यांविषयी.

संज्ञा : जुन्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ‘भविष्यवादी’ हा शब्द ज्या व्यक्तींसाठी रूढ होता, त्यांना आज मराठी पवित्र शास्त्रात सामान्यतः ‘संदेष्टा’ म्हटले जाते. हा बदल केवळ शब्दाचा नाही. पुढे काय घडणार हे सांगणारा तो भविष्यवादी. ईश्वराचा निरोप लोकांपर्यंत पोहोचविणारा तो संदेष्टा. पंचांग, जन्मपत्रिका व राशिभविष्य यांचा परिचय असलेल्या मराठी वाचकाच्या मनात ‘भविष्य’ या शब्दाबरोबर ठरलेल्या व न टळणाऱ्या घटनांची कल्पना सहजच येते. मूळ हिब्रूमधील ‘नाबी’ व ग्रीकमधील ‘प्रोफेतेस’ या शब्दांत मात्र दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, हाच अर्थ प्रधान आहे. अनुवाद या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणे, चेटूक करणे व मृतांना विचारणे यांस स्पष्ट मनाई असून तेथेच खरा संदेष्टा कसा ओळखावा हेही सांगितले आहे. त्यामुळे बायबलमधील संदेशवचने व ज्योतिष यांची गल्लत करणे बायबललाच मान्य नाही.

जुन्या करारातील संदेशवचने : आमोस, होशेय, यशया, मीखा, यिर्मया व यहेज्केल हे संदेष्टे इ. स. पू. आठव्या ते सहाव्या शतकांत इस्राएल व यहूदा या राज्यांच्या लोकांत होऊन गेले. ॲसिरिया व बॅबिलोनिया या साम्राज्यांचे संकट त्यांच्यासमोर उभे होते. मूर्तिपूजा, गरिबांची पिळवणूक, खोटी वजने व विकले जाणारे न्याय यांबद्दल राष्ट्रास शिक्षा होईल, असा इशारा त्यांनी दिला. आणि शिक्षेनंतर पुनःस्थापना होईल, असे आश्वासनही दिले. अशा वचनांत ‘परमेश्वराचा दिवस’ ही कल्पना वारंवार येते. लोकांना तो दिवस आपल्या विजयाचा वाटत असता आमोसने तो त्यांच्याच न्यायाचा दिवस असल्याचे बजावले.

या वचनांचा हेतू श्रोत्यांमध्ये पालट घडवून आणणे हा होता. योनाच्या ग्रंथात निनवे नगराचा चाळीस दिवसांत नाश होईल, अशी घोषणा येते. परंतु नगरवासी पश्चात्ताप करतात व नाश टळतो. भविष्य चुकले म्हणून योना रुष्ट होतो, पण ग्रंथकाराच्या दृष्टीने संदेश सफल झालेला असतो. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातील कुंभाराच्या दृष्टान्तातही हेच तत्त्व आहे : लोक वळले, तर ईश्वराने जाहीर केलेले अरिष्टही मागे घेतले जाते. संदेशवचन आणि अटळ भविष्य यांतील हा भेद पुढील सर्व विवेचनास पायाभूत आहे.

दानीएल : अंत्यकालाच्या अभ्यासात सर्वाधिक चर्चिला गेलेला जुन्या करारातील ग्रंथ. त्याचा काही भाग हिब्रू व काही भाग (अध्याय २·४ ते ७·२८) अरामी भाषेत आहे. चार धातूंचा पुतळा (अध्याय २), चार श्वापदे व ‘मनुष्याच्या पुत्रासारखा’ कोणी एक (अध्याय ७), दोन हजार तीनशे संध्याकाळ-सकाळ (अध्याय ८) आणि सत्तर सप्तके (अध्याय ९) ही त्यातील प्रमुख दर्शने होत. परंपरेनुसार हा ग्रंथ इ. स. पू. सहाव्या शतकातील मानला जातो. बहुसंख्य आधुनिक संशोधक त्याचे अंतिम स्वरूप इ. स. पू. सु. १६५ मधील मानतात; कारण चौथा अँटायओकस या सिल्युसिड राजाने इ. स. पू. १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिराचा केलेला विटाळ व ज्यूंचा छळ यांचे चित्र त्यात तपशिलाने उमटले आहे. १९४७ पासून मृतसमुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या हस्तलिखितांत दानीएलच्या आठ प्रतींचे अवशेष असून, अंत जवळ आल्याची दृढ अपेक्षा बाळगणाऱ्या एका ज्यू समुदायात हा ग्रंथ आवडीने वाचला जात होता, हे त्यावरून दिसते. छळाच्या काळी श्रद्धावंतांना धीर देण्यासाठी गूढ प्रतीके, अंक व देवदूत यांच्या साहाय्याने ईश्वरी योजना उलगडून दाखविणाऱ्या अशा लेखनास ‘प्रकटनात्मक वाङ्मय’ म्हणतात.

नवा करार : येशूच्या उपदेशाचे सूत्र ‘देवाचे राज्य’ हे आहे. ते जवळ आले आहे, किंबहुना त्याच्या कार्यात सुरूही झाले आहे, असे त्याने सांगितले आणि त्याचबरोबर ते येवो अशी प्रार्थना करण्यास शिष्यांना शिकविले. जैतुनाच्या डोंगरावरील प्रवचनात (मत्तय २४, मार्क १३, लूक २१) युद्धे, दुष्काळ, भूकंप, छळ व खोटे ख्रिस्त यांचा उल्लेख येतो. यातील काही भाग इ. स. ७० मध्ये रोमनांनी केलेल्या यरुशलेमच्या विध्वंसास उद्देशून आहे, याबद्दल बहुतेक अभ्यासकांत एकमत आहे. कोणता भाग त्यापलीकडे जातो, याबद्दल मात्र नाही. याच प्रवचनात तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणासही, पुत्रासही, ठाऊक नसल्याचे सांगितले आहे. पुनरुत्थानानंतर शिष्यांनी राज्याच्या पुनःस्थापनेची वेळ विचारली, तेव्हाही काळवेळ जाणणे त्यांच्याकडे नसून साक्षी होणे हे त्यांचे काम आहे, असे उत्तर मिळाल्याचे प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात नमूद आहे.

पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेली दोन पत्रे या संदर्भात महत्त्वाची आहेत. पुनरागमनापूर्वीच मरण पावलेल्या आप्तांचे काय होणार, या शोकाला पहिल्या पत्राने उत्तर दिले. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे, या आवईने मंडळीत माजलेला गोंधळ दुसऱ्या पत्राने आवरला. त्याच पत्रात कामधंदा न करता इतरांच्या उठाठेवी करणाऱ्यांना स्वकष्टाची भाकरी खाण्याची आज्ञा आहे. अंताच्या अपेक्षेमुळे रोजच्या जबाबदाऱ्या सुटण्याचा धोका पहिल्याच शतकात ओळखला गेला होता, असे यावरून म्हणता येईल.

प्रकटीकरण हा नव्या करारातील शेवटचा ग्रंथ पात्म बेटावरील योहानाने आशिया मायनरमधील सात मंडळ्यांना लिहिला. त्याचा काळ सामान्यतः रोमन सम्राट डोमिशन याच्या कारकीर्दीच्या अखेरीचा (इ. स. सु. ९५) मानतात. सम्राटपूजा नाकारणाऱ्यांना धीर देणे, हा त्याचा उद्देश होय. त्यातील श्वापदाचा ६६६ हा अंक ‘नीरो सीझर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून त्यांच्या अंकमूल्यांची बेरीज केली असता मिळतो. काही प्राचीन हस्तलिखितांत तो ६१६ असा असून त्या नावाच्या लॅटिन रूपावरून तोही सिद्ध होतो. ग्रंथाची अखेर विनाशाने होत नाही. नवे आकाश, नवी पृथ्वी व अश्रू पुसणारा ईश्वर यांच्या दर्शनाने होते.

अर्थनिर्णयाच्या पद्धती : प्रकटीकरण व तत्सम वचने यांचा अर्थ लावण्याच्या चार प्रमुख पद्धती आहेत. (१) भूतलक्ष्यी पद्धतीनुसार त्यातील बहुतेक घटना पहिल्या काही शतकांतच घडून गेल्या. (२) इतिहासलक्ष्यी पद्धतीनुसार ख्रिस्ती मंडळीचा आरंभापासून अंतापर्यंतचा संपूर्ण इतिहास त्यात क्रमाने आला आहे. (३) भविष्यलक्ष्यी पद्धतीनुसार बहुतांश भाग अद्याप घडावयाचा आहे. (४) प्रतीकलक्ष्यी पद्धतीनुसार त्यात विशिष्ट घटना नसून सत्य व असत्य यांच्यातील सर्वकालीन संघर्ष आहे. अनेक अभ्यासक यांपैकी एकाहून अधिक पद्धतींचा मेळ घालतात.

प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातील ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्यावरूनही तीन मते आहेत. पुनरागमन आधी व सहस्रवर्षीय राज्य नंतर, असे पूर्वसहस्रवर्षवादी मानतात. दुसऱ्या शतकातील जस्टिन व आयरीनीअस यांचे मत असे होते. सुवार्तेच्या प्रसाराने जग हळूहळू सुधारून सहस्रवर्षीय सुवर्णकाळ येईल व त्यानंतर ख्रिस्त येईल, असे उत्तरसहस्रवर्षवादी मानतात. हजार हा अंक प्रतीकात्मक असून ख्रिस्ती मंडळीचा वर्तमानकाळ हेच ते राज्य होय, असे तिसरे मत सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने ईश्वरनगरी या ग्रंथात मांडले व पाश्चात्त्य चर्चमध्ये तेच दीर्घकाळ प्रभावी ठरले.

कालनिश्चितीचे प्रयत्न : दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रिजियातील माँटेनस व त्याचे अनुयायी यांनी नवे यरुशलेम आपल्याच प्रदेशात उतरेल, असे प्रतिपादिले. इटलीतील फ्योरेचा योआकिम (सु. ११३५–१२०२) याने इतिहासाचे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांची तीन युगे कल्पिली, त्याच्या अनुयायांनी १२६० या वर्षावर आशा केंद्रित केली. जर्मनीतील म्यून्स्टर शहरात १५३४-३५ मध्ये काही ॲनाबॅप्टिस्टांनी शस्त्रबळाने ‘नवे यरुशलेम’ स्थापिले. त्याचा शेवट वेढा, उपासमार व कत्तलीत झाला. जर्मन विद्वान बेंगेल (१६८७–१७५२) याने १८३६ हे वर्ष निश्चित केले होते. आयझॅक न्यूटनचा दानीएल व प्रकटीकरण यांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७३३ मध्ये प्रसिद्ध झाला. संदेशवचने माणसाला भविष्यवेत्ता बनविण्यासाठी नसून ती पूर्ण झाल्यावर ईश्वरी नियंत्रणाची प्रचीती यावी यासाठी आहेत, असा त्याचा अभिप्राय होता.

या प्रयत्नांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अमेरिकन शेतकरी-उपदेशक विल्यम मिलर (१७८२–१८४९) याचा होय. दानीएलमधील २,३०० दिवस म्हणजे २,३०० वर्षे, असे त्याने धरले. पर्शियन राजा अर्तहशश्त याच्या इ. स. पू. ४५७ मधील आज्ञेपासून त्यांची गणना केली आणि १८४३ च्या सुमारास पुनरागमन होईल, असा निष्कर्ष काढला. इसवी सनाच्या गणनेत शून्य वर्ष नसल्याने बेरीज १८४४ कडे सरकली व अखेरीस अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी पिके शेतातच सोडली, काहींनी मालमत्ता देऊन टाकली. दिवस सरला आणि काहीच घडले नाही. ही घटना ‘महान निराशा’ म्हणून ओळखली जाते.

मिलरच्या बेरजेत चूक नव्हती. तिच्या पायाशी असलेली गृहीते वादग्रस्त होती. एक दिवस म्हणजे एक वर्ष, हे समीकरण गणना १४·३४ व यहेज्केल ४·६ येथे विशिष्ट प्रसंगी येते. ते सर्वत्र लावावे, असे तेथे म्हटलेले नाही. ‘संध्याकाळ-सकाळ’ यांची संख्या मंदिरातील रोजच्या दोन अर्पणांची असल्यास दिवस १,१५० च भरतात व त्यांचा संबंध अँटायओकसने बंद पाडलेल्या अर्पणांशी लागतो. गणनेचा आरंभबिंदू आठव्या अध्यायात नसून तो नवव्या अध्यायातून घेतलेला आहे. शुद्ध होणारे ‘पवित्रस्थान’ म्हणजे पृथ्वी, हेही गृहीतच. यांपैकी एक गृहीत ढळले, तरी तारीख ढळते. नंतरच्या बहुतेक कालगणनांनाही हेच विवेचन लागू पडते. अमेरिकन नभोवाणी-उपदेशक हॅरल्ड कँपिंग याने जाहीर केलेली २१ मे २०११ ही तारीखही तशीच निघून गेली.

मिलरच्या अनुयायांपैकी काहींनी पवित्रस्थान हे स्वर्गातील असल्याचा नवा अर्थ लावला. त्यांच्यातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च संघटित झाले. हे चर्च पुनरागमनाची तारीख ठरवीत नाही. चार्ल्स टेझ रसेल (१८५२–१९१६) याने १९१४ या वर्षास महत्त्व दिले. त्याच्या अनुयायांतून पुढे आलेला, त्रैक्याचा सिद्धांत न मानणारा यहोवाचे साक्षीदार हा पंथ भारतात १९२६ पासून मुंबईतील कार्यालयातून काम करू लागला.

एकोणिसाव्या शतकात प्लिमथ ब्रदरेन या पंथातील जॉन नेल्सन डार्बी (१८००–८२) याने ईश्वराच्या मानवाशी असलेल्या व्यवहाराचे निरनिराळे कालखंड कल्पिले. इस्राएल व ख्रिस्ती मंडळी यांच्यासाठी ईश्वराच्या योजना भिन्न असून महासंकटापूर्वी मंडळी गुप्तपणे वर घेतली जाईल, असे त्याचे मत होते. स्कोफील्डच्या टीपांसह १९०९ मध्ये निघालेल्या बायबलने हे मत जगभर पसरविले. १९४८ मधील इस्राएल राष्ट्राची स्थापना व १९६७ चे युद्ध यांनंतर त्यास विशेष लोकप्रियता लाभली. मात्र संदेशवचनांतील इस्राएल आणि आजचे राष्ट्र ही एकच होत, असे सर्व ख्रिस्ती मानत नाहीत. मराठी वाचकाला हा प्रश्न अगदीच परका नाही. कोकणातील मराठी भाषिक बेने इस्राएल समाजातील बहुसंख्य लोक १९४८ नंतर इस्राएलमध्ये स्थायिक झाले. दुसरीकडे पॅलेस्टिनी अरबांतही प्राचीन ख्रिस्ती समाज आहे.

विसाव्या शतकातील धर्मशास्त्र : अल्बर्ट श्वाइट्‌सर (१८७५–१९६५) याने अंताची निकट अपेक्षा हाच येशूच्या उपदेशाचा गाभा असल्याचे दाखविले. सी. एच. डॉड (१८८४–१९७३) याने येशूच्या आगमनातच अंत्यकाल साक्षात झाला, असे प्रतिपादिले. ऑस्कर कूलमान (१९०२–९९) याने दोहोंचा समन्वय साधला : युद्धातील निर्णायक लढाई जिंकली जाते, तरी विजयदिन उगवण्यास अवकाश असतो, मंडळी त्या मधल्या काळात वावरते. ‘आताच, पण अद्याप नाही’ हे या मताचे सूत्र आज व्यापक प्रमाणावर स्वीकारले जाते. यूर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) याने आशेचे धर्मशास्त्र (१९६४) या ग्रंथात अंत्यकालविचार हा धर्मशास्त्राचा शेवटचा अध्याय नसून त्याचा प्राण आहे, अशी मांडणी केली.

महाराष्ट्रातील परंपरा : फादर स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या ख्रिस्तपुराणाच्या (१६१६) पहिल्या भागात जुन्या करारातील कथा व तारणाऱ्याची प्रतीक्षा ओवीबद्ध रूपात आली असून, बायबलमधील आगमनाची कल्पना मराठीत मांडण्याचा तो आद्य मोठा प्रयत्न होय. प्रॉटेस्टंट मिशन कार्याच्या आरंभकाळी उत्तरसहस्रवर्षवादी आशावादाचा प्रभाव होता. १८१३ मध्ये मुंबईस आलेले गॉर्डन हॉल व त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूएल यांनी १८१८ मध्ये जगाच्या ख्रिस्तीकरणाची योजना मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात साऱ्या जगाच्या लोकसंख्येचा हिशेब मांडून किती उपदेशक लागतील हे दाखविले होते. न्यूएल १८२१ मध्ये व हॉल १८२६ मध्ये पटकीने मरण पावले. जगाच्या अंताविषयीच्या त्यांच्या श्रद्धेचे टिकाऊ फळ म्हणजे शाळा, छापखाना व अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये छापलेला मराठी नवा करार. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहून सामान्य वाचकास संदर्भासह वाचनाची वाट दाखविली.

कोल्हापूरचा या विषयाच्या जागतिक इतिहासाशी निकटचा संबंध आहे. रॉयल गूल्ड वाइल्डर (१८१६–८७) यांनी १८५२ मध्ये कोल्हापूर येथे मिशन स्थापन केले. १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळाकडे गेले व त्याची ठाणी पन्हाळा, कोडोली, सांगली, मिरज, रत्नागिरी व वेंगुर्ले येथवर पसरली. अमेरिकेस परतल्यावर वाइल्डर यांनी १८७८ मध्ये मिशनरी रिव्ह्यू हे नियतकालिक सुरू केले. त्यांच्या पश्चात ते ए. टी. पिअर्सन यांच्या संपादकत्वाखाली आले. पिअर्सन हे पूर्वसहस्रवर्षवादाचे पुरस्कर्ते होते व पुढे स्कोफील्ड बायबलचे सल्लागार संपादकही झाले. वाइल्डर यांचे कोल्हापुरात जन्मलेले पुत्र रॉबर्ट वाइल्डर (१८६३–१९३८) यांच्या प्रेरणेने १८८६ मध्ये माउंट हर्मन येथील शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्याची प्रतिज्ञा घेतली आणि त्यातून १८८८ मध्ये स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट ही चळवळ उभी राहिली. आपल्याच पिढीत जगभर सुवार्ता पोहोचवावी, हे तिचे ब्रीद होते. सर्व राष्ट्रांस सुवार्ता सांगितली गेल्यावर शेवट येईल, या मत्तय २४·१४ मधील वचनाशी पिअर्सन यांच्यासारख्यांनी त्याची सांगड घातली. जर्मन मिशनशास्त्रज्ञ गुस्टाफ व्हार्नेक यांनी या घाईवर टीका केली. सुवार्ता जाहीर करणे म्हणजे मंडळी रुजविणे नव्हे, असा त्यांचा आक्षेप होता. त्याच मिशनने मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या नेतृत्वाखाली १८९४ मध्ये उभारलेले रुग्णालय हे मात्र घाईचे नव्हे, तर चिकाटीचे काम ठरले.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या केडगाव (जि. पुणे) येथील मुक्तिसदनात जून १९०५ मध्ये मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. शेवटल्या दिवसांत ईश्वर आपला आत्मा स्त्रीपुरुषांवर ओतील, या योएलच्या वचनाची (प्रेषितांची कृत्ये २ मध्ये ते उद्धृत आहे) पूर्तता म्हणून त्याकडे पाहिले गेले आणि पेंटेकोस्टल चळवळीच्या जागतिक इतिहासात त्याची नोंद झाली. वचनात दासींचाही उल्लेख आहे. दुष्काळातून वाचविलेल्या मुली व विधवा यांना प्रार्थनेत व प्रचारकार्यात मिळालेले स्थान त्या दृष्टीने अर्थपूर्ण होते. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे सुबोध मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये मुक्तिसदनाच्या छापखान्यातून पूर्ण प्रसिद्ध झाले. शेवटचे दिवस आले आहेत, अशा वातावरणात राहूनही त्यांनी वर्षानुवर्षे चालणारे हे काम अंगीकारले, ही बाब लक्षणीय आहे.

ॲडव्हेंटिस्ट पंथाने दानीएल व प्रकटीकरण यांच्या अभ्यासास महाराष्ट्रात संघटित रूप दिले. त्याची स्पायसर ही उच्च शिक्षणसंस्था १९४२ पासून पुण्यात असून कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातील आळते येथे त्याची शाळा आहे. त्यामुळे इचलकरंजीलगतच्या कबनूरसारख्या त्याच तालुक्यातील यंत्रमागाच्या गावी या विषयाच्या निदान दोन भिन्न परंपरा हाकेच्या अंतरावर आहेत : एक कोल्हापूर मिशनची प्रेसबिटेरियन व दुसरी ॲडव्हेंटिस्ट. पुण्यातील पोपची सेमिनरी व ज्ञानदीप विद्यापीठ (रोमन कॅथलिक) आणि १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यास आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी (प्रॉटेस्टंट) येथे या विषयाचे उच्च अध्ययन होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या सुबोध बायबल या अनुवादाने हे ग्रंथ ख्रिस्तीतर मराठी वाचकांपर्यंतही पोहोचविले.

अभ्यासाची पथ्ये : निरनिराळ्या पंथांतील अभ्यासकांना सामान्यतः मान्य असलेली काही पथ्ये अशी : (१) वचन प्रथम ज्यांना उद्देशून लिहिले, त्यांना त्याचा काय अर्थ कळला असेल हे आधी पाहणे. (२) लेखनप्रकार ओळखणे. पत्र, स्तोत्र, इतिहास व प्रकटनात्मक दर्शन यांचे वाचन एकाच रीतीने होत नाही. (३) प्रकटीकरणातील प्रतीकांचे मूळ जुन्या करारात शोधणे. त्यांची उकल वर्तमानपत्रातील मथळ्यांत शोधणे धोक्याचे ठरते. (४) स्पष्ट वचनांच्या आधारे गूढ वचनांचा अर्थ लावणे. उलट क्रमाने नव्हे. (५) मूळ भूप्रदेश ध्यानात ठेवणे. उदा., योएलमधील पूर्वपाऊस व उत्तरपाऊस हे पॅलेस्टाइनमधील अनुक्रमे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पेरणीचे व मार्च-एप्रिलमधील कणसे भरण्याच्या वेळचे पाऊस होत. महाराष्ट्रातील वळीव व आगोटी यांचा क्रम व उपयोग वेगळा असल्याने मराठी वाचकाची येथे गफलत होऊ शकते. (६) युद्ध, रोगराई व भूकंप प्रत्येक शतकात होतात, हे विसरू नये. मत्तय २४ मध्येही त्यांना शेवट न म्हणता वेदनांचा आरंभ म्हटले आहे. (७) पूर्तीच्या तारखेवर मालमत्ता, शिक्षण वा औषधोपचार सोडण्यास सांगणारी शिकवण कसोटीस लावणे. अनुवाद १८·२२ मध्ये ही कसोटी दिलेली आहे.

अन्य धर्मांशी तुलना : ज्यू धर्मात मसीहाची व जरथुश्त्री धर्मात सओश्यंताची प्रतीक्षा आढळते. इस्लाममध्ये कयामतीपूर्वी ईसांच्या पुनरागमनाची श्रद्धा आहे. बौद्ध धर्मात भावी बुद्ध मैत्रेय याची कल्पना आहे. हिंदू परंपरेत ४,३२,००० वर्षांच्या कलियुगाच्या अखेरीस कल्कीचा अवतार होतो. परंतु त्यानंतर पुन्हा कृतयुग सुरू होऊन चक्र चालू राहते. ख्रिस्ती विचारात काळ चक्राकार नसून एकरेषीय आहे व शेवट एकदाच होतो. ‘अवतार’ वा ‘प्रलय’ हे शब्द पुनरागमन व अंतिम न्याय यांसाठी वापरल्यास हा भेद झाकला जातो. अंत एकदाच होणार असल्याने आजची प्रत्येक कृती निर्णायक ठरते. बायबलमधील संदेशवचनांचा रोख म्हणूनच तारखेपेक्षा आचरणावर अधिक आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे जे चित्र येते, त्यात कोणी किती अचूक गणना केली हे विचारले जात नाही. भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा व आजाऱ्याला सोबत दिली की नाही, एवढेच विचारले जाते.